मुक्या वाटाड्याबरोबर आपट्यापर्यंत

भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली लाँच उरणच्या मोरा बंदराला लागेपर्यंत आमचे मित्र रेगे यांनी दोन दिवसांसाठी बरोबर घेतलेला फराळ संपवला. "दर्यावर भूक फार लागते," असं त्यांचं म्हणणं. रेग्यांना भूक दर्यावर लागते, डोंगरावर लागते आणि ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलाशी तर हजेरी लावल्या लावल्या लागते. कागदातला शेवटचा चिवडा तोंडात झटकत ते म्हणाले, "रानातच तर चाललोय. तिथं फळं असतीलच की!" मी तेव्हा त्या बोलण्याकडे लक्ष दिलं नाही.

सहलीची कल्पना त्यांच्या थोरल्या बहिणीची, सिंधूताईंची. गिरगावातल्या मुलींच्या शाळेत त्या वनस्पतिशास्त्र शिकवतात आणि माणसांकडेसुद्धा 'हे कुठल्या कुळातलं?' अशा नजरेनं बघतात. पनवेलला आबा मास्तर म्हणून पेन्शनीत निघालेले एक शिक्षक आहेत, ते रविवारी हौशी मंडळींना कर्नाळ्याच्या रानात हिंडवतात आणि कुठलं झाड कुठल्या दुखण्यावर चालतं ते दाखवतात, अशी बातमी त्यांना लागली होती. माझा वनस्पतींशी संबंध विड्याच्या पानापुरता. पण त्या रविवारी घरी राहिलो असतो तर माळा साफ करावा लागला असता.

समोर द्रोणागिरीचा डोंगर दिसू लागला तशी सिंधूताईंनी माहिती दिली, "हनुमंत संजीवनीचा डोंगर घेऊन जाताना त्याचा एक तुकडा इथं पडला, असं इथले लोक म्हणतात." मला बरं वाटलं. मुळी ओळखता येईना म्हणून साक्षात हनुमंताला अख्खा डोंगर उचलावा लागला, तर आम्हां कारकुनांना आघाडा आणि अडुळसा यांतला फरक कळला नाही म्हणून कुणी हसायचं कारण नव्हतं.

उरणहून पनवेलला जाणाऱ्या एस. टी.त माझ्या मांडीवर एका कोळणीची पाटी येऊन बसली. पाटीत ओले बोंबील होते आणि त्यांचं पाणी माझ्या विजारीत उतरत होतं.

"मावशी, पाटी खाली ठेवता का जरा?"

"खाली ठेवली तर म्हावऱ्याला (मासळीला) तुमच्या बुटांचा वास लागंल," मावशी म्हणाल्या.

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. दोन्ही अंगांना मिठागरं पसरली होती. त्यांच्या बांधांवर मिठाचे पांढरे ढीग उन्हात इतके चकाकत होते की डोळे बारीक करावे लागले. पनवेलात शिरलो तसा कुठूनतरी काढा उकळत असल्याचा वास आला. हे गाव वैद्यांचं आणि औषधांचं. इथला माणूस नुसता शिंकला तरी चार घरांतून चार चाटणं येतात म्हणे. आमच्या खानावळीच्या माडीवरच्या ढेकणांवर मात्र त्या औषधांचा काही परिणाम झालेला दिसला नाही.

सकाळी आबा मास्तर आम्हाला न्यायला आले ते बोलतच आले. धोतर, गळाबंद कोट, काळी टोपी, हातात काठी. मिठागरावरल्या आगरी घरात जन्म, जन्मभर शाळेत नोकरी, त्यामुळे आमच्याशी शुद्ध पुस्तकी बोली आणि रस्त्यात भेटणाऱ्यांशी घरची. "उभ्या तालुक्यात माझ्याइतकं बोलणारा दुसरा नाही, असं लोक म्हणतात," त्यांनी स्वतःच सांगून टाकलं. "मी म्हणतो, सांगण्यासारखं आहे म्हणून सांगतो!" कर्नाळ्याच्या खिंडीत उतरेपर्यंत त्यांनी एस. टी.च्या कंडक्टरला कानदुखीवर, ड्रायव्हरला पाठदुखीवर आणि मागच्या बाकावरच्या एका गृहस्थाला, त्यांनी काही विचारलेलं नसताना, मूळव्याधीवर उपाय सांगितला. ते गृहस्थ पुढच्याच थांब्यावर उतरून गेले.

माघ संपत आला होता. पळस फुलले होते, धायटीच्या झुडपांना लाल फुलांचे तुरे आले होते आणि वरून कर्नाळ्याचा सुळका अंगठा दाखवत होता. आबांच्या तोंडाचा पट्टा अखंड चालू होता. हा अडुळसा, खोकल्यावर. हा कुडा, याची साल पोट बिघडल्यावर. ही निर्गुडी, हिचा शेक सांध्यांना. एक उक्षीची जाड वेल तोडून त्यांनी टोक वर धरलं तर तिच्यातून चक्क पाणी गळू लागलं; उन्हाळ्यात गुराखी यावरच तहान भागवतात म्हणे. रेग्यांनी ते पाणी पिऊन "आणखी आहे का?" असं विचारलं. थोड्या वेळानं माझ्या ध्यानात आलं की रानातलं प्रत्येक झाड खोकला, पोट किंवा सांधे यांपैकी कशावर तरी चालतं आणि जे कशावरच चालत नाही ते सरपणाला चालतं. मी हे बोलून दाखवलं. सिंधूताईंनी डोळे मोठे केले, पण आबा खूश झाले. "बरोबर आहे!" ते म्हणाले. "आता हा रिठा बघा..."

रिठ्याचं पुढं काय ते आम्हाला कळलंच नाही. रस्त्याच्या बाजूनं एक माणूस सायकल ढकलत, धापा टाकत आला. हा बाळाराम, आबांच्या लेकीचा दीर. लेक मालू आपट्याला दिली होती, पाताळगंगेच्या काठावर. आई लहानपणीच गेलेली, त्यामुळे माहेरी करायला कुणी नव्हतं आणि तिची बाळंतपणं सासरीच होत.

"मास्तर, मालू पहाटेपास्नं अडलीय. सुईण म्हनते, मूल सरकत नाय."

"डॉक्टर?" मी विचारलं.

"भाऊ गेलाय आनाया. पन मालूचा एकच धोशा हाय. आबांना सांगा, मुळी आना."

त्यानं फडक्यात बांधून आणलेले तांदूळ आणि हळदकुंकू आबांच्या हातावर ठेवलं. आबा वाटेकडेच्या एका वाळक्या रोपाशी बसले. सकाळपासून ज्याची कुसळं आमच्या विजारींना चिकटत होती तोच हा आघाडा. त्याला हळदकुंकू वाहून, तांदूळ टाकून, एखाद्या वडीलधाऱ्याशी बोलावं तसे ते म्हणाले, "माझ्या मालूसाठी नेतो. तिला मोकळी कर." मग लाकडाच्या टोकदार खुंटीनं माती उकरून त्यांनी मूळ काढलं आणि ते उठले. त्यांनी ओठ मिटून घेतले होते. ते तोंड मिटलेलं आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो.

"आता बोलायचं नाय," बाळारामनं आम्हाला हळूच समजावलं. "मुळी काढली त्यानंच चालत न्यायची, बाईच्या कमरंला बांधीपर्यंत अक्षर बोलायचं नाय, मागं बघायचं नाय, मुळी भुईला टेकवायची नाय. नायतर तिचा गुन जातो. आनि एका बाळंतपनाला एकदाच मागायची, दुसऱ्यांदा झाड देत नाय."

"आणि चुकून बोललं तर?" रेग्यांनी विचारलं.

बाळारामनं आबांकडे पाहिलं. ते पायवाटेला लागले होते. "मागल्या खेपेला बोलले. वाटंत गाडीवाल्यानं इचारलं, मास्तर, आज पनवेलला बाजार हाय काय? ह्यांनी सांगितलं हाय, वर वांग्यांचा भाव पन सांगितला. मूल मेलेलं आलं. गाव म्हनतो, मास्तरांच्या तोंडानं खाल्लं."

"आणि मालू काय म्हणते?" सिंधूताईंनी विचारलं.

"मालू काय म्हनत नाय," बाळाराम म्हणाला आणि लांबच्या सडकेनं आपट्याला निरोप द्यायला सायकलवर बसून निघून गेला.

मी म्हटलं, आपण खिंडीत जाऊन एस. टी.ची वाट पाहू. सिंधूताई एव्हाना आबांच्या मागून निघाल्या होत्या.

"ताई, तुम्ही शास्त्र शिकवता. तुमचा या मुळीवर विश्वास आहे?"

"मुळीवर नाही. पण हा माणूस सकाळपासून किती बोलला ते ऐकलंत ना? एकटा गेला तर दुसऱ्या वळणाला फुटेल. मग पुन्हा मूल गेलं तर त्याच्या लेकीनं काय समजायचं?"

असा आमचा मोर्चा निघाला. पुढे मुका वाटाड्या, त्याच्यामागे वनस्पतिशास्त्र, मग मी आणि शेवटी भूक. वनस्पतींची माहिती देणारा माणूस वनस्पतींमधून मूग गिळून चाललेला होता आणि त्याचे हाल पाहवत नव्हते. एखादं ओळखीचं झाड आलं की काठी आपोआप उचलली जायची, गळ्याची घाटी वरखाली व्हायची आणि काठी पुन्हा खाली. त्यांचा भार हलका करावा म्हणून मी सहलीचं काम अंगावर घेतलं आणि एका झाडाकडे बोट दाखवून म्हटलं, "हा शिसव. याचा पाला सर्दीवर." आबांची मान मागून लालेलाल झाली. मी आणखी दोन झाडं अशीच वाटेल त्या रोगावर लावली तेव्हा त्यांचा खांदा थरथरू लागला. सिंधूताईंनी मला चिमटा काढला. मग मीही गप्प झालो.

वाटेवर माणसं भेटतच होती आणि प्रत्येकाला मास्तरांशीच बोलायचं होतं. डोक्यावर मोळी घेतलेली एक बाई आडवीच झाली. "मास्तर, कंच्या गावाला?"

"मास्तरांची दाढ काढलीय," मी पुढे होऊन म्हटलं. "बोलता येत नाही."

"मंग बाभळीच्या सालीनं चूळ भरा म्हनावं. मला त्यांनीच सांगितलीय."

त्यानंतर एक माजी विद्यार्थी भेटला, आता कुठेसा तलाठी होता. त्यानं वाकून नमस्कार केला आणि हात जोडून वाट बघत उभा राहिला. "सर, ओळखलंत?"

आबांनी डोळ्यांनी ओळखलं, पण डोळ्यांची साक्ष तलाठी कुठली धरणार? त्याचा चेहरा उतरला. "आज त्यांचं मौनव्रत आहे," सिंधूताई म्हणाल्या.

"सरांचं?" तो एकदम घाबरला. "एवढी तब्येत बिघडली? मला कुणी कळवलंसुद्धा नाही!" तो बराच वेळ आमच्या पाठमोऱ्या मिरवणुकीकडे बघत उभा होता.

मी देवाधर्माचा माणूस नाही. पण एव्हाना मी समोरून कुणी दिसला की धावत पुढे जाऊन त्याला अडवत होतो. कशासाठी, हे मला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. आबांच्या मुठीतलं ते वीतभर मूळ मला हळूहळू काचेच्या भांड्यासारखं वाटू लागलं होतं.

मी पुढच्या माणसांवर नजर ठेवून होतो. मागे रेगे होते हे विसरलो.

"आबा!" मागून हाक आली. "हे रानातलं संत्रं का हो? चांगलं पिकलंय. खाऊ का?"

मी वळून पाहिलं. रेग्यांच्या हातात गुळगुळीत, नारिंगी रंगाचं गोल फळ होतं. आबा चालतच राहिले. ते मागे बघणार नव्हते आणि उत्तर देणार नव्हते.

"मौनं संमतिलक्षणम्," रेगे म्हणाले आणि त्यांनी लचका तोडला.

आबांचे पाय थांबले. मला त्यांची फक्त पाठ दिसत होती. ती पाठ एकदा ताठ झाली, आणि ते गर्रकन वळले.

"थुक! थुक आधी! काजरा हाय तो! बी गिळलीस तर मरशील!"

उजव्या हातातली मुळी उंच धरून ते धावत आले. डाव्या हाताची बोटं त्यांनी रेग्यांच्या तोंडात घातली आणि आतलं सगळं खरवडून काढलं. काजरा म्हणजे पुस्तकातला कुचला. त्याची बी म्हणजे विष, एवढं सिंधूताईंनाही ठाऊक होतं. फक्त शाळेतल्या बरणीत त्यांनी बी पाहिली होती, झाडावरचं फळ नव्हतं. रेग्यांच्या तोंडात नुसती साल आणि गर गेला होता, बिया फळातच होत्या. बाटलीतलं सगळं पाणी चुळा भरण्यात संपलं. आबांनी ते उष्टं फळ घेऊन त्यातल्या बिया पुन्हा पुन्हा तपासल्या, एकही कमी नाही याची खात्री केली. मग ते एका दगडावर बसले आणि आपल्या हातातल्या मुळीकडे पाहत राहिले.

काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हटलं, "मुळीला काय मराठी कळतं, आबा?"

कुणी हसलं नाही. माझी मलाच लाज वाटली. रेगे वाटेच्या कडेला उभे राहून लहान मुलासारखे रडत होते. एवढा मोठा देह, हनुवटीवरून फळाचा रस गळतोय, आणि तोंडातून एकच वाक्य, "माझ्यामुळं झालं हो, माझ्यामुळं."

थोड्या वेळानं आबा उठले. मुळी त्यांनी टाकली नाही. ओठ पुन्हा घट्ट मिटून, पुढे बघत ते चालू लागले. गुण गेलेली मुळी हा माणूस एवढी जपून का नेतोय, ते मला कळेना. आम्ही मागोमाग निघालो. आता मात्र वाटेत कुणीसुद्धा भेटलं नाही.

आपटा आला तो नदीच्या बाजूनं. पाताळगंगेला पाणी बेताचंच होतं, पण स्वच्छ होतं. एरवी मी गावाच्या नावावरून आणि दसऱ्याच्या सोन्यावरून चार कोट्या केल्या असत्या, पण काही सुचलं नाही. घराच्या अंगणात बायका घोळक्यानं उभ्या होत्या. डॉक्टर पोचले होते आणि ओटीवर हात धूत होते. आबांच्या मुठीतलं मूळ बघून ते म्हणाले, "बांधा, बांधा. माझ्या कामात ती आड येत नाही."

आबांनी दाराशी जाऊन मुळी सुइणीच्या हातात दिली. एवढ्यात आतून मालूचा आवाज आला. थकलेला, फाटलेला आवाज.

"आबा, बोललात काय वाटंत?"

अंगणातल्या सगळ्या बायका आबांकडे बघू लागल्या. आबांचं तोंड उघडलं. जन्मभर मुलांना खरं बोला म्हणून सांगत आलेल्या माणसाचा तो चेहरा होता आणि तो आता काय सांगणार हे मला स्वच्छ दिसलं.

"नाही!"

रेगे होते. ते मला ढकलून पुढे आले होते. हनुवटीवरचे डाग अजून तसेच होते. "देवाशपथ नाही! एक अक्षर बोलले नाहीत! आम्ही सगळे बरोबर होतो!"

"मी साक्षीदार आहे," सिंधूताई म्हणाल्या. वर्गात बोलतात तशा स्वच्छ, ठणठणीत आवाजात.

"वाटेत तलाठी भेटला, त्याच्याशीसुद्धा बोलले नाहीत," मी म्हटलं. तेवढं तरी खरं होतं.

मग मालूचा आवाज आला. "मंग बांधा लवकर."

पुढचा वेळ आम्ही ओटीवर बसून काढला. रेग्यांनी खायला काही मागितलं नाही, यावरून काय ते समजा. आबा अंगणातल्या तुळशीशी आमच्याकडे पाठ करून उभे होते. आतून कण्हणं ऐकू येई, डॉक्टरांचा आवाज येई, आणि पुन्हा काहीच नाही. मग एकदम मूल रडलं. जोरात, चांगलं रागावून रडलं. आत सुइणीची धावपळ झाली, कारण मूल होताच मुळी काढायची असते, ठेवली तर आतडीसुद्धा बाहेर येतात अशी समजूत. मुलगी झाली होती. आई आणि लेक दोघी धडधाकट.

आबा रडले, आणि मग बोलू लागले. डॉक्टरांना आघाड्याचे सगळे उपयोग सांगून झाले, नंतर रिठ्याचं अर्धवट राहिलेलं व्याख्यान आम्हाला पुरं ऐकावं लागलं, मी वाटेत ज्याला शिसव म्हटलं ते झाड ऐनाचं होतं हेही अंगणभर जाहीर झालं. मालूच्या सासूबाईंनी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी वाढली. प्रत्येक पदार्थाला बोट लावण्याआधी रेग्यांनी "हे काय आहे?" असं विचारून घेतलं.

संध्याकाळी आबा आम्हाला फाट्यापर्यंत पोचवायला आले. रेगे आणि सिंधूताई पुढे होते. आबा माझ्याजवळ थांबले आणि कितीतरी वेळ नुसते काठीनं मातीत रेघा ओढत राहिले.

"तुमी खोटं बोललात," ते म्हणाले.

"हो. गुण मुळीचा की डॉक्टरांचा, ते आता तुम्हीच ठरवा."

"मुळीचं मला ठाऊक नाय." त्यांनी वर बघितलं नाही. "मागल्या खेपेला पन मालूनं आतनं असंच इचारलं होतं. मी खरं सांगितलं. त्यावर ती कायच बोलली नाय. तिनं जोर करायचाच सोडला."

एवढ्यात एस. टी. आली. मी त्यांचा हात हातात घेतला, मग सोडला आणि गाडीत चढलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी परतीच्या लाँचवर रेगे मालूच्या सासूबाईंनी दिलेलं लाडवांचं पुडकं मांडीवर घेऊन बसले होते. मोऱ्यापासून भाऊच्या धक्क्यापर्यंत त्यांनी ते उघडलं नाही. मागे द्रोणागिरी हळूहळू लहान होत गेला.

घरी आलो तर माळा तसाच होता. बायको माझ्या विजारीला चिकटलेली कुसळं एकेक करून उपटू लागली. "हे काय गोळा करून आणलंत?"

"आघाडा. अडलेल्या बाळंतिणीला त्याची मुळी बांधतात." मग सगळी हकीकत मी तिला सांगितली.

तिनं शेवटचं कुसळ काढून खिडकीबाहेर टाकलं. "आणि खरंच गुण येतो त्या मुळीनं?"

"येतो," मी म्हटलं. "पण बरोबर रेगे हवेत."